गाडी पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या घरात पाहण्याचे कार्यक्रम पुष्कळ झाले. आत्यांचे झाले, ताईचा झाला, माझेही तीन-चार झाले (जमलं कुठेच नाही, तो विषय वेगळा). पण २०२५ च्या दिवाळीनंतर आमच्याकडे जो कार्यक्रम झाला, तसा आमच्या नात्यागोत्यात कुणाकडे झाला नसेल. पाहणारे दोघं : छत्तीस वर्षांची मी आणि सत्तरीचे बाबा. आणि पाहायच्या होत्या चार मोटारसायकली.

"मुलं पाहताना एवढा उत्साह दाखवला असतास तर..." आई म्हणाली. पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही. गेली काही वर्षं ती ते पुरं करत नाही.

दहा वर्षं मी स्कूटर चालवली. ऑफिस, भाजी, बाबांची औषधं, गॅसचं पुस्तक, सगळं तिनं वाहिलं. तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नव्हती. पण पस्तिशी उलटल्यावर एक दिवस असं वाटलं, की आपण आजवर जे जे घेतलं ते गरजेचं होतं म्हणून घेतलं. आवडतं म्हणून काय घेतलं? आठवायला बसले तर दोन साड्या आणि एक रेडिओ एवढंच आठवलं.

मला हवी होती रोडस्टर. हा शब्द हल्ली जाहिरातींत फार दिसतो, पण तो नवा नाही. सायकलच्या धंद्यात साध्या काळ्या, मागे कॅरियर असलेल्या सायकलीला रोडस्टरच म्हणतात. दूधवाल्याची असायची ती. परदेशात उघड्या, दोन माणसांच्या मोटारीला हे नाव आहे. आणि मोटारसायकलींत रोडस्टर म्हणजे जिच्या अंगावर प्लॅस्टिकचं कवच नाही, पुढे वारा अडवणारी मोठी काच नाही, इंजिन उघडं दिसतं आणि चालवणारा पाठ बऱ्यापैकी ताठ ठेवून बसतो, अशी गाडी. ना शर्यतीची, ना डोंगर तुडवायची. रस्त्याची गाडी. अशा गाडीत लपवायला फारसं काही नसतं. इंजिन जसं असेल तसं ते तुमच्या हातापायांना कळतं.

हे वेड माझ्यात आलं कुठून, तर बाबांकडून. त्यांच्याकडे १९८६ पासून येझदी होती, आणि मॉडेलचं नाव होतं 'रोडकिंग'. बाबा पाटबंधारे खात्यात, नेमणूक फलटणला. नीरा उजव्या कालव्याच्या कडेकडेनं ते त्या गाडीवर दिवसभर हिंडायचे. म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली ती २५० सीसीची टू-स्ट्रोक गाडी, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. किक मारून झाली की तोच दांडा आत दाबून पुढे वळवायचा, की त्याचाच गिअर व्हायचा. टाकीवर बसून मी ही जादू रोज पाहायचे. पेट्रोलबरोबर ऑइल टाकावं लागायचं, आणि त्या धुराचा वास बाबांच्या शर्टाला कायम असायचा. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. बाबांची गाडी मात्र चालतच राहिली.

२००९ साली मला पत्रकारितेच्या पदविकेला प्रवेश मिळाला आणि फीला पैसे कमी पडले. एका शनिवारी बाबा एसटीनं घरी आले. येझदी कुठे आहे, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. फी भरली गेली. तेव्हापासून माझ्या मनात एक हिशेब उघडा राहिला होता.

म्हणजे खरं सांगायचं तर मी गाडी घ्यायला निघाले ती निम्मी माझ्यासाठी आणि निम्मी बाबांसाठी. त्यांना आता चालवता येणार नाही हे मला माहीत होतं. येझदीची किक डाव्या बाजूला, आणि त्यांचा डावाच गुडघा गेला आहे. पण डबलसीट बसून का होईना, त्यांना त्यांची गाडी परत मिळाल्यासारखं वाटावं, असा माझा बेत होता. हा बेत मी कुणाला बोलले नव्हते.

साहजिकच पहिली पाहिली ती नवी येझदी. २०२२ मध्ये हे नाव बाजारात परत आलं, आणि त्यातल्या एका गाडीचं नावच 'रोडस्टर' ठेवलं आहे. आता इंजिन फोर-स्ट्रोक, ३३४ सीसीचं, पाण्यावर थंड होणारं. बाबा गाडीभोवती दोनदा फिरले, टाकीवर हात ठेवला, खाली वाकून इंजिन पाहिलं. मी शोरूमच्या मुलाला डबलसीट घेऊन तीन किलोमीटरची ठरलेली फेरी मारून आले. गाडी छान चालली. पण परत आल्यावर बाबांनी विचारलं, "कशी वाटली?" आणि माझ्या लक्षात आलं, की मी गाडीकडे लक्षच दिलं नव्हतं. आल्यावर बाबांचा चेहरा कसा असेल, एवढाच विचार डोक्यात होता.

त्या रात्री बाबांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन डबे काढले. एक उंच आणि अरुंद, दुसरा बुटका आणि पसरट.

"हे सिलिंडर. दोन्हींत सारखंच मावतं. रुंदी म्हणजे बोअर. पिस्टन जेवढं अंतर वर-खाली करतो तो स्ट्रोक. आमच्या जुन्या येझदीत बोअर ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. म्हणजे उंच डबा. नवीत ते उलटं आहे, बोअर मोठा आणि स्ट्रोक लहान. नाव तेच, स्वभाव दुसरा."

"स्वभाव?"

"हातपंप आठवतो ना वाड्यातला? लांब दांड्याचा पंप सावकाश मारायचा, एका दमात भरपूर पाणी. आखूड दांड्याचा भराभर मारायचा. पाणी दोन्ही देतात, पण हात वेगळा लागतो. स्ट्रोक लांब असला की पिस्टनला दर फेरीत जास्त पळावं लागतं, म्हणून तसलं इंजिन फार भरभर फिरवत नाहीत. ते कमी फेऱ्यांतच जोर काढतं. पसरट सिलिंडरला वर मोठे व्हॉल्व्ह बसतात, श्वास मोकळा येतो. त्याला पळवलं की ते खुलतं. कागदावर ताकद किती लिहिली आहे ते बघू नकोस. ती केव्हा मिळते ते बघ."

एवढं मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नव्हतं.

दुसरी गाडी रॉयल एनफील्डची हंटर ३५०. उंच डब्याची : बोअर ७२, स्ट्रोक ८५.८. ताकद वीस अश्वशक्ती, म्हणजे आकड्यांत चारही गाड्यांत सर्वात मागे. पण ती सुरू केली आणि पहिल्या शंभर मीटरमध्येच बाबांचं बोलणं समजलं. क्लच सोडला, रेस न देताच गाडी शांतपणे निघाली. स्वारगेटच्या गर्दीत तिसऱ्या गिअरमध्ये ती रिक्षांच्या मागून रांगत राहिली, एकदाही कुरकुरली नाही. खाली एक ठाम, सावकाश ठोका पडत होता. आतल्या बॅलन्सर शाफ्टमुळे त्याची थरथर अंगावर येत नव्हती. घाई करा म्हटलं तर मात्र ती घाई करत नव्हती. आमच्या शेजारच्या जोशीकाकूंसारखी. काम सगळं होणार, पण त्यांच्या गतीनं.

बाबा डबलसीट बसले, हेल्मेटमधून म्हणाले, "बरी आहे की." ते खूश होते. मला वाटलं, झालं, जमलं.

तरी तिसरी पाहायचीच होती, कारण ती माझ्या स्वप्नातली. इंटरसेप्टर ६५०. दोन सिलिंडर शेजारी शेजारी, ४७ अश्वशक्ती. जुन्या ब्रिटिश जुळ्या इंजिनांत बहुधा दोन्ही पिस्टन एकदम वर-खाली व्हायचे आणि ठोके सारख्या अंतरानं पडायचे. इथे क्रँक २७० अंशांचा आहे, म्हणून एक ठोका लवकर येतो आणि पुढचा जरा थांबून. त्यामुळे आवाजाला एक लंगडता ठेका मिळतो, ऐकत राहावा असा. सातारा रोडवर मोकळा पट्टा मिळाला, मी हात पिळला, आणि गाडी अशी निघाली की जणू मागून कुणी हलकेच ढकलतंय आणि ढकलतच राहिलंय. झटका नाही, दमणं नाही. त्या दोन मिनिटांत मी मनातल्या मनात माझी मुदत ठेव मोडून टाकली होती.

मग परत फिरायचं म्हणून वळण घेतलं. रस्ता अरुंद, मागून टेम्पो. हँडल पूर्ण वळलेलं असताना मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. ही चूक करू नये हे कुणीही सांगेल. दोनशे किलोंहून जास्त वजनाची गाडी एकदा कलली की कलली. तिला आणि मला रस्त्यावर आडवं व्हायला एक क्षण पुरला. मला खरचटलं, गाडीचा आरसा आणि क्लचचा दांडा गेला. त्याचे पैसे मी भरले. दोन माणसांनी गाडी उचलली. बाबा फुटपाथवर उभे होते. धावत येता येत नव्हतं म्हणून ते तिथेच उभे राहिले होते, आणि त्यांचा चेहरा मला आजही आठवतो.

घरी आल्यावर आईनं कोपराला हळद लावली आणि दोन दिवस गाडी हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना बाबाच म्हणाले, "चौथी राहिली ना? ती पण बघून टाक. तीनच पाहून ठरवायचं नसतं." मला वाटतं, ते वाक्य बोलायला त्यांना दोन दिवस लागले असावेत.

चौथी ट्रायम्फ स्पीड ४००. कंपनी ब्रिटिश, पण ही गाडी बनते आमच्या पुण्याजवळच, चाकणला, बजाजच्या कारखान्यात. २०२३ साली आली. एकच सिलिंडर, ३९८ सीसी, पण डबा अगदी पसरट : बोअर ८९, स्ट्रोक ६४. चाळीस अश्वशक्ती, आणि ती मिळते मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर. वजन पावणेदोनशे किलोंच्या आसपास. पडल्याची भीती अंगात होती, म्हणून मी आधी तिला बंद स्थितीत हातानं ढकलून पुढे-मागे नेलं, स्टँडवरून उतरवली, परत लावली. शोरूममधला मुलगा बाबांना म्हणाला, "सर, मॅडमना स्कूटर दाखवू का?" बाबा म्हणाले, "मला दाखवा. त्या गाडी बघतायत."

त्या दिवशीच्या छोट्या फेरीत ती गर्दीत हंटरइतकी निवांत वाटली नाही. दुसऱ्यांदा मात्र मी विनंती करून मंगळवारची दुपार मागून घेतली, आणि जुन्या कात्रज घाटात नेली. आदल्या आठवड्यात हंटरही त्याच घाटात नेली होती. रस्ता एक असला तरच दोन गाड्यांची तुलना होते. हंटर चौथ्या गिअरमध्ये, न बोलता, बैलगाडीला जुंपलेल्या चांगल्या बैलासारखी चढली होती. हिचं निराळं. खालच्या फेऱ्यांत ही साधी, शहाण्यासारखी. पण तिसरा गिअर टाकून रेस वाढवली की मध्येच तिचा आवाज बदलतो, घसा मोकळा झाल्यासारखा, आणि ती चढ खायला लागते. वळण आलं की रेस कमी, वळण संपलं की पुन्हा तोच आवाज. मी प्रत्येक वळणाची वाट बघू लागले. बोगद्यापाशी थांबून हेल्मेट काढलं तेव्हा लक्षात आलं, की मी हसत होते. आणखी एक लक्षात आलं. त्या अर्ध्या तासात मला बाबांची आठवण एकदाही झाली नव्हती.

घरी येताना मात्र आठवण झाली, आणि अपराधीही वाटलं. मी कागद घेऊन बसले. हंटर स्वस्त. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांवर ४० टक्के झाला, म्हणजे कराचं पारडंही तिकडेच झुकलेलं. हंटर गर्दीत शांत. बाबांना आवडलेली. आणि मुख्य म्हणजे लांब स्ट्रोकची, त्यांच्या येझदीच्या जातीची. मी जाहीर करून टाकलं, "हंटर घेऊ या."

बाबांनी चष्मा काढला. "का?"

मी कारणं वाचून दाखवली.

"कारणं चांगली आहेत. यातलं तुझं कुठलं?"

मला उत्तर सुचेना. मग सगळंच सांगितलं. येझदी, फी, तो शनिवार, सोळा वर्षांचा हिशेब. डोळ्यांत पाणी आलं, ते कोपर दुखतंय म्हणून आलं असं सांगायची सोय नव्हती.

बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "अगं, येझदी मी विकली होती, हरवली नव्हती. विकलेल्या वस्तूचे पैसे मिळतात माणसाला, तसे मला मिळाले. त्याचा तुझा डिप्लोमा झाला आणि त्याच्यावर तू आज पोट भरतेस. तो व्यवहार तेव्हाच मिटला. तू कशाला उघडून बसलीस?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आणि खरं सांगा ना तिला. त्या गाडीची किक मारून मारून तुमचा गुडघा गेला. विकली तेव्हा सुटले म्हणाला होतात."

"तसं म्हणालो होतो," बाबांनी कबूल केलं. "शेवटची दोन वर्षं ती फार त्रास देत होती."

सोळा वर्षं मी ज्या त्यागाचं ओझं वाहत होते, त्यातला निम्मा त्याग आईनं एका वाक्यात उतरवला! उरलेला निम्मा खरा आहे, हे मला कळतं. पण तो फेडायला मोटारसायकल हे नाणं नव्हे.

"आता सांग," बाबा म्हणाले, "कात्रजहून आलीस तेव्हा जिन्यात शीळ कुणी घातली?"

गाडी आली जानेवारीत. स्पीड ४००, काळी. पैसे जास्त गेले हे खरं. त्यापायी घराची रंगरंगोटी एक वर्ष पुढे गेली आहे आणि आई मला ते आठवड्यातून एकदा ऐकवते.

हा सगळा खटाटोप करून जे शिकले ते थोडक्यात सांगते, कुणाच्या उपयोगी पडलं तर. शोरूमची तीन किलोमीटरची फेरी म्हणजे कांदेपोहे. त्यात सगळेच गोड वागतात. शक्य तर दुसरी भेट मागावी, गर्दीतून न्यावी, चढावर न्यावी, आणि सगळ्या गाड्या त्याच एका रस्त्यावर. गाडी किती पळते हे नंतर, आधी ती ढकलता येते का आणि अरुंद रस्त्यात वळवता येते का ते बघावं. मागे जो रोज बसणार आहे त्याला एकदा बसवून बघावं. इंजिनाचा आवाज कुठल्या फेऱ्यांवर बदलतो आणि आपला हात तिथे जायला उत्सुक असतो का, हे ऐकावं. आणि उतरल्यावर कुणाशी काही बोलण्याआधी स्वतःला विचारावं, की फेरीभर आपल्या मनात गाडी होती की दुसरंच कुणी.

शांत इंजिन चांगलं की चपळ, याला उत्तर नाही. हंटर माझ्या ताईनं घेतली असती तर ती सुखी झाली असती. इंटरसेप्टर अजूनही रस्त्यात दिसली की मी वळून बघते. पण वळून बघणं निराळं आणि रोज घरी आणणं निराळं, हे मोठी माणसं इतर बाबतींतही सांगतात.

गेल्या महिन्यात बाबांना फलटणला कालवा पाहायचा होता. सकाळी सहालाच निघालो, दोघांच्या डोक्याला हेल्मेट, बाबांच्या गुडघ्याला पट्टा. रस्ता जुन्या कात्रज घाटातून. मागे सत्तरीचा माणूस बसलेला, म्हणून मी अगदी जपून, खालच्या फेऱ्यांत गाडी चढवत होते. दोन वळणं झाली. तिसऱ्या वळणाला खांद्यावर थाप पडली. वाटलं, थांबायला सांगताहेत.

"जरा मोकळी सोड की तिला," बाबा हेल्मेटमधून ओरडले. "तिला चढ आवडतो म्हणालीस ना? मला ऐकू दे."